मनांतले मांडे

मराठी कानाला ‘पाय’ म्हणजे चरण. इंग्रजांच्या घरीं ‘पाय’ म्हणजे पिठाच्या पारींत फळें किंवा मांस घालून भाजलेलें पक्वान्न. हा शब्द इंग्रजींत १४ व्या शतकापासून आढळतो. मॅगपाय पक्षी नाना वस्तु गोळा करतो, तशाच नाना जिनसा या पक्वान्नाच्या पोटांत जातात. म्हणून पक्ष्याचें नांव त्याला मिळालें असावें, असा कोशकारांचा तर्क आहे.

त्याचा मराठी सोयरा शोधावयाचा तर खानदेशांत जावें. जळगांव-धुळ्याकडे मांडा म्हणजे हातांवर झेलून पातळ केलेली, उपड्या खापरावर भाजलेली पुरणाची विशाल पोळी. बेळगांवकडील मांडा मात्र साखरेचा, घडीचा आणि कुरकुरीत. दोहोंचें मूळ संस्कृत ‘मण्डक’. १२ व्या शतकांतील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त तो आला आहे.

दोन्ही भाषांनीं व्यर्थ आशेला पक्वान्नाचेंच नांव दिलें. ‘आभाळांतला पाय’ हा इंग्रजी प्रयोग जो हिल या अमेरिकेंतील मजूर गीतकाराच्या १९११ सालच्या गीतांतून रूढ झाला. भुकेल्या मजुराला आजची भूक सोसून स्वर्गांतील पक्वान्नाची वाट पाहावयास सांगणाऱ्या उपदेशकांवर त्यांत कोरडे ओढले आहेत. मराठी माणूस मनांत मांडे खातो, तो मात्र स्वतःच्याच बुद्धीनें. तेथें फसविणारा दुसरा असतो. येथें मनुष्य आपणच आपल्याला फसवितो. म्हणून भाषांतरकारानें एकाच्या जागीं दुसरा शब्द बसविला, तर अर्थ बहुतेक जुळतो. पण आमिष दाखविणारा निसटतो, आणि दोष भुकेल्याच्या माथीं येतो.