अहमद खान की रहीमसाहेब?

पीण्यातल्या एका शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत पोरं भांडत होती, फुटबॉलची आघाडीची फळी जन्मावी लागते की घडवावी लागते? मला पंच केलं. म्हटलं, आधी इतिहास ऐका.

ईस्ट बंगालच्या पाच जणांच्या आघाडीला कोलकात्यात 'पंचपांडव' म्हणत. त्यातले अहमद खान आणि धनराज याच बेंगळुरूचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपला गोल केला तोही बेंगळुरूच्या रामनने. बहुतेक सगळे अनवाणी! पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा गेला.

म्हणजे गुरू हवा होता? तोही मिळाला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. तरी १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १० गोल चढवले. आपला एकमेव गोल अहमदचा. नुसत्या गुरूनेही भागत नाही, हे तिथे दिसलं.

१९५६ ला मेलबर्नमध्ये मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली आणि आपण चौथे आलो. पण माझ्या मते खरी परीक्षा १९६२ ची, जकार्ताची. जर्नेलसिंग हा पक्का बचावपटू, डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला थेट आघाडीला उभं केलं. मी फौजेत एका जवानाची जागा बदलायची तर रात्रभर जागायचो, म्हणून या निर्णयाचं वजन मला कळतं. जर्नेलने उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. कोरियावर २-१ ने मात, सुवर्णपदक.

रहीमसाहेबांना कर्करोग होता. जून १९६३ मध्ये ते गेले. एशियाडचं फुटबॉल सुवर्ण त्यानंतर आपल्याकडे आलेलं नाही.