चीक

आमच्या माणदेशात गाय व्याली की आज्जीचा पहिला डोळा वासरावर असायचा. वासरू लटपटत उभं राहिलं की ती स्वतः त्याला धरून आचळाला लावायची. कुणी चरवी घेऊन आलं की ओरडायची, "आरं, आदी त्याला पिऊ द्या. चीक न्हाई मिळाला तर वासरू जगायचं न्हाई." त्याचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस व्हायचा. आम्हा पोरांना खरवसाची भारी हाव, पण वासराच्या तोंडचा चीक आमच्या घरात कधी कुणी काढला नाही.

1972 साली मी अकरा वर्षांचा होतो. दुष्काळानं विहिरी आटलेल्या. घरात मिलोची लाल भाकरी, शाळेत सुकडी. आई सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात होती. दावणीला एकच खिल्लार गाय उरलेली. मार्गशीर्षात आई बाळंत झाली, मुलगी झाली. त्याच आठवड्यात गाय व्याली, कालवड झाली.

कालवडीला आज्जीनं रीतीप्रमाणं चीक पाजला. बहिणीच्या वाट्याला मात्र तो आला नाही. सुईणीनं आणि आज्जीनं आईला पहिलं पिवळं दूध राखेत पिळून टाकायला लावलं. "नऊ म्हयनं साठल्यालं नासकं दूध हाय ते, लेकराला बाधतं." तीन दिवस बाळानं गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा चोखला. 'मी काय बोळ्यानं दूध पीत नाही' असं आपण सहज बोलून जातो. तो बोळा मी डोळ्यांनी पाहिलाय. पाणी टँकरचं, बोळा कुठं पडायचा, कुठं उचलला जायचा. चौथ्या दिवशी तिला छातीला लावलं. नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले, अकराव्या दिवशी ती गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. तिला नाव मिळालंच नाही. कालवडीचं नाव मात्र आम्ही ठेवलं होतं, चंद्री.

बहीण चिकावाचूनच गेली असं मी म्हणणार नाही. दुष्काळात लेकरं अनेक कारणांनी गेली. आज्जीलाही मी दोष देत नाही. ही समजूत तिच्या पदरची नव्हती. सुश्रुतसंहितेतसुद्धा नव्या बाळाला पहिले काही दिवस मध-तूप चाटवायला सांगितलंय. विलायतेतही शेकडो वर्षं हे पहिलं दूध वाईट मानत. 1748 साली विल्यम कॅडोगन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं बाळाला जन्मल्यापासून आईचंच दूध द्या असं लिहिलं, तेव्हा कुठं तिकडची समजूत हलायला लागली. पुढं 1892 साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की आईच्या अंगातली विषाला तोंड द्यायची ताकद दुधातून पिल्लात उतरते. दुसरीच्या पिल्लाला त्या मादीचं दूध पाजलं, तरी ते वाचायचं.

म्हणजे आमच्या गोठ्यातलं ज्ञान खरंच होतं. गाईच्या वारेतून वासराला रोगाशी लढायची शिबंदी मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि वासराचं आतडं ती जेमतेम एक दिवसच आत घेतं. माणसाच्या बाळाला थोडी शिदोरी पोटातच मिळते, पण आतड्याची राखण चीकच करतो. त्यातली द्रव्यं आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात, जंतूंना चिकटू देत नाहीत. दुसरं एक द्रव्य जंतूंना लागणारं लोह अडवून धरतं. आणि ज्या पिवळेपणाला आज्जी नासकं म्हणायची, तो कॅरोटीनचा रंग, गाजरातल्या रंगाचा भाऊबंद. जीवनसत्त्व अ आणि ई त्यात नंतरच्या दुधापेक्षा जास्त असतात. प्राणवायूनं लोखंड गंजतं. पोटातून एकदम हवेत आलेल्या बाळाच्या अंगातही तशीच गंज धरण्यासारखी क्रिया होते. ती रोखायला ही द्रव्यं मदत करतात. डॉक्टर त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. चीक थोडाच येतो, पण बाळाचं पोटही पहिल्या दिवशी बोराएवढंच असतं.

हे कळेपर्यंत दुसरं संकट दारात आलं होतं, दुधाच्या भुकटीचा डबा. 1986 साली माझ्या थोरल्यालाही एका दवाखान्यात डबा लिहून दिला. महाग म्हणून आम्ही पातळ करून पाजायचो, बाटली विहिरीच्या पाण्यात विसळायचो. पोरगा जुलाबानं सुकला. मीठ-साखरेच्या पाण्यावर कसाबसा तगला. जगभर असंच चाललं होतं. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य सभेनं डब्याच्या जाहिरातींवर बंधनं घालणारी नियमावली केली होती. आपल्याकडं कायदा 1992 साली झाला. डब्यावर बाळाचं चित्र नको आणि आईचं दूधच उत्तम असं छापायचं, हे त्यानं ठरवलं. त्याआधीच, 1989 साली, मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी काढली होती. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथं दुसऱ्या आयांचं दूध मिळायला लागलं.

2014 साली नातू झाला. आमची मंडळी मधाची बाटली घेऊन दवाखान्यात गेली होती. नर्सबाईनं ती पिशवीतच ठेवायला लावली. "आजी, वर्षाचा होईपर्यंत मध नाही, आणि सहा महिने पाणीसुद्धा नाही," म्हणाल्या, आणि तासाच्या आत पोराला सुनेच्या छातीला लावलं.

माझी आई तेव्हा होती, बहात्तरीची. खाटेशेजारी बसून बघत होती. नातवाच्या ओठांवर पिवळा थेंब आला तो तिनं बोटानं टिपला, उजेडात धरला. मला हळूच म्हणाली, "ह्येच व्हय रं ते? मी राखंत पिळलं ते?"

मी म्हणालो, "तवा कुणाला ठावं व्हतं, आई?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोठ्यात ठावं व्हतं की."