वळवणचा महाशीर

जुन्या, मातब्बर कंपनीच्या चार भिंतींत कोणी नवाच उद्योग मांडावा आणि तो नफ्यातोट्याच्या वहीत कोठेच बसू नये, असे क्वचित घडते. लोणावळ्याजवळ वळवणला ते घडले.

टाटांच्या वीज कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून १९१५ मध्ये खोपोलीस, १९२२ मध्ये भिवपुरीस आणि १९२७ मध्ये भिरा येथे वीज निर्माण केली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले. १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. मावळ्यांच्या बुडालेल्या जमिनींची नोंद इतिहासाने घेतली. नदीतील रहिवाशांची कोण घेणार?

महाशीर हा त्यांपैकी एक. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये वर्णिलेला 'टॉर खुद्री' हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतलाच. विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणारा मासा. धरणांनी त्याची वाट अडविली आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी उरलेसुरले संपवीत आणले. १९७० नंतर कंपनीने वळवणला त्याच्या पैदाशीचे केंद्र उभे केले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हलक्या हाताने काढून, नराच्या रेताशी मिसळून, वाहत्या पाण्यात उबविण्याची रीत बसविली. रोहू-कटल्याच्या मानाने महाशीरची अंडी थोडी, म्हणून जपणूक अधिक. १९७८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. वीज विकणाऱ्या कंपनीस हे कोणी करावयास सांगितले नव्हते, हे मुद्दाम नोंदवितो.

पुढे वळवणची पिल्ले अन्य राज्यांतही गेली, कावेरीतही सोडली गेली. तेथे नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला स्थानिक महाशीर होता. पाहुणा वाढत गेला, घरचा घटत गेला. किती पिल्ले सोडली याचा रकाना प्रत्येक अहवालात असतो. त्या नदीत आधी कोण राहत होते, याचा नसतो. असे तक्ते आम्ही सरकारी नोकरीत आयुष्यभर भरले, तेव्हा वळवणच्या माणसांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही.

कावेरीचा तो मासा 'टॉर रेमादेवी' असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी आमच्या मुळेचा महाशीर संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.