एका व्हरांड्याचे अंतर

पंडरी म्हटले की रायपूरकरांना दोन ठिकाणे आठवतात : कापडबाजार आणि जिल्हा रुग्णालय. अशा कोणत्याही जिल्हा रुग्णालयात गर्भवतींच्या तपासणीची खोली आणि दंतचिकित्सेची खोली यांत फार तर एका व्हरांड्याचे अंतर असते. तरीही हिरड्यांतून रक्त येते असे सांगणाऱ्या गर्भवतीला पहिल्या खोलीत पुष्कळदा ‘या दिवसांत असे व्हायचेच’ हे उत्तर मिळते, आणि दुसरीत ‘बाळंतपण झाल्यावर या’ हे. उत्तरे देणारी माणसे शिकलेली असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. मग ही उत्तरे आली कोठून?

पहिले कारण संस्थात्मक आहे. १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंत महाविद्यालय निघाले, ते वैद्यकीय महाविद्यालयापासून स्वतंत्र. पुढे हाच साचा सर्वत्र रूढ झाला. भारतात वैद्यकीय परिषदेचा कायदा १९३३ चा, तर दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. परिषदा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे. रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले; शासकीय दंत महाविद्यालय मात्र छत्तीसगड राज्याच्या निर्मितीनंतरच आले. तोंड एका विद्येकडे आणि उरलेले शरीर दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. गर्भवतीच्या हिरड्या नेमक्या तिच्या सीमेवर येतात.

दुसरे कारण भीतीचे. १९५६ मध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी गर्भवतींच्या पोटाच्या क्ष-किरण तपासणीचा संबंध बालकांच्या कर्करोगाशी असल्याचे दाखवले. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडचे भीषण परिणाम उघडकीस आले. दोन्ही इशारे अत्यंत मोलाचे होते. पण त्यांतून ‘गर्भारपणात काहीच करू नये’ असा सरसकट नियम मनात घर करून बसला. भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून येथे मात्रेची आठवण करून द्यावीशी वाटते. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. एका दाताच्या क्ष-किरण चित्राची मात्रा साधारणपणे याच्या आसपास किंवा कमी असते आणि झोतही जबड्याकडे रोखलेला असतो. गर्भापर्यंत पोहोचतो तो त्याचा अत्यल्प अंश. पोटाच्या तपासणीसाठी दिलेला इशारा दाताला जसाच्या तसा लावणे, हे मोजमाप विसरण्यासारखे आहे.

दरम्यान पुरावा जमत होता. १९६३ मध्ये लो आणि सिलनेस यांनी दाखवले की हिरड्यांचा दाह गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यापासून वाढतो आणि आठव्या महिन्यात शिखर गाठतो. १९९६ मध्ये ऑफनबाखर यांच्या गटाने हिरड्यांच्या गंभीर रोगाचा संबंध अकाली व कमी वजनाच्या जन्माशी जोडला, आणि मोठी आशा निर्माण झाली. २००६ मध्ये ८२३ गर्भवतींवरील चाचणीचा निष्कर्ष आला : उपचार सुरक्षित आहेत, हिरड्या सुधारतात, मात्र अकाली प्रसूतीचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटत नाही. हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी प्रामाणिकपणे सांगायला हवा. दात साफ केल्याने बाळ वेळेवर जन्मेल असे आश्वासन देता येत नाही. पण स्त्रीला महिनोन्‌महिने ठणका आणि जंतुसंसर्ग सोसायला लावण्याचे समर्थनही उरत नाही. तिची वेदना हेच उपचाराचे पुरेसे कारण आहे.

आपल्या प्रदेशात या प्रश्नाला तंबाखूची जोड आहे. छत्तीसगडमध्ये गुडाखू आणि महाराष्ट्रात मिश्री दातांना घासली जाते. अनेक स्त्रिया तिला व्यसन नव्हे, दंतमंजन मानतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन गटाने १९७२ मध्ये महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्याच परंपरेतील प्रकाश गुप्ता यांनी २००४ मध्ये मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास सहकाऱ्यासह मांडला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. ‘दात कशाने घासता?’ हा प्रश्न म्हणूनच एकाच वेळी दंतवैद्याचा आणि प्रसूतितज्ज्ञाचा आहे.

आज जाणकारांचे मत स्पष्ट आहे. दुसरी तिमाही उपचारांना सर्वांत सोयीची. तातडीचे उपचार कधीही करावेत. लिडोकेनची भूल देता येते. टेट्रासायक्लिन टाळावे, कारण त्याने बाळाच्या दातांवर डाग पडतात. हे ज्ञान ग्रंथांत आहे. परिचारिकेच्या आणि डॉक्टरच्या बोलण्यात ते उतरायचे आहे. छत्तीसगडने २००२ मध्ये मितानिन उभ्या करून, आरोग्यज्ञान दारापर्यंत नेता येते हे देशाला दाखवले, आणि पुढे आशा योजना आली. गर्भवतीच्या पहिल्याच भेटीत तोंडाविषयी एक प्रश्न विचारला गेला आणि उत्तरानंतर ‘आजच दाखवून घ्या’ असे सांगितले गेले, तर व्हरांड्याचे अंतर व्हरांड्याइतकेच राहील.