सद्वैद्याचे लक्षण आणि ‘ज्ञापकत्व’

सद्वैद्य कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात दिलेले आहे. वैद्य, औषध, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद, आणि प्रत्येकाचे गुण चार. निर्मळ शास्त्रज्ञान, कर्माचा वारंवार आलेला अनुभव, दक्षता व शुचिता हे वैद्याचे गुण होत. रोग्याच्या गुणांत स्मृती, आज्ञापालन व निर्भयता यांसह ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्याधी वैद्यास कळविण्याचे सामर्थ्य, गणले आहे. ही वाटणी लक्षणीय आहे. वैद्याने रोग्याच्या अंतरंगात शिरावे, असे विमानस्थान सांगते खरे. परंतु गुणांच्या या गणनेत दुखणे सांगण्याचा भार रोग्यावरच पडतो.

हा भार जेथे पेलवत नाही तेथे काय करावे? कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाईंनी (१८६५–१८८७) दिलेले उत्तर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. चौदाव्या वर्षी त्यांचे नवजात अपत्य दगावले. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात व अमेरिकेतील महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जात त्यांचा मुद्दा एकच होता: पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा येथील स्त्री मरण पत्करते; सबब स्त्री वैद्य हवी. रोगिणीच्या मौनाचा दोष त्यांनी रोगिणीस लावला नाही. जिच्यापाशी बोलता येईल अशी वैद्य आपण व्हावे, असे त्यांनी ठरविले. ज्ञापकत्व जणू त्यांनी रोग्याच्या खात्यातून वैद्याच्या खात्यात वळते केले. १८८६ मध्ये त्यांना एम. डी. पदवी मिळाली, त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाल्याने ते काम त्यांच्या हातून व्हावयाचे राहिले.

कल्याणच्याच परिसरात हा प्रश्न पुढे निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथील लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित वसले. १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात कारखान्यांमुळे नाना प्रांतांतील लोक आले. येथे वैद्य व रोगी यांच्यामध्ये लज्जेच्या जोडीला भाषेचाही पडदा आला. मराठीत गळवाचा ठणका, कमरेतील चमक, पोटातील मुरडा व दाताची कळ यांस वेगळे शब्द आहेत, आणि त्या भेदांतच निदानाचा अर्धा मार्ग असतो. दोघांनाही परक्या अशा तिसऱ्या भाषेत हे सारे ‘दर्द’ या एका शब्दात बुडून जाते.

‘चिकित्सा’ हा शब्द ‘कित्’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला आहे. मराठीत त्याचा अर्थ उपचार आणि बारकाईची विचारपूस असा दुहेरी आहे. चरकोक्त चार गुण आजही आवश्यकच आहेत. तथापि रोग्यास बोलता येईल अशी आपली भाषा व वर्तणूक राखणे, हा पाचवा गुण त्यांत मिळविल्यावाचून वैद्याचे लक्षण पूर्ण होत नाही.