हिरवा रंग कोणाचा? एका जॅग्वारच्या मालकीपरंपरेविषयी

12 फेब्रुवारी 1957 रोजी संध्याकाळी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॅग्वार कंपनीच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. त्या आगीत इतर अनेक मोटारींबरोबर एक्सकेएसएस या नव्या जातीच्या नऊ मोटारीही नष्ट झाल्या. एकूण 25 बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात 16 पूर्ण झाल्या. पुढे या मोटारींना जे मोल आले, त्यात त्यांच्या वेगाइतकाच या आगीचाही वाटा आहे. पंचवीसातल्या नऊ गेल्या, म्हणून उरलेल्या सोळांचा एकेक मालक, एकेक विक्री आणि एकेक दुरुस्ती हा इतिहासाचा विषय झाला.

मुळात एक्सकेएसएस ही स्वतंत्र निर्मिती नव्हतीच. जॅग्वारची डी-टाइप ही शर्यतीची मोटार. माल्कम सेअर यांनी विमानविद्येच्या अभ्यासातून तिचे अंग घडवले होते. ल मान्सची 24 तासांची शर्यत तिने 1955, 1956 आणि 1957 अशी सलग तीन वर्षे जिंकली. परंतु 1956 मध्ये कंपनी स्वतः शर्यतींतून बाहेर पडली आणि काही डी-टाइप विक्रीवाचून पडून राहिल्या. कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी त्यांना रस्त्यावर चालण्याजोगे रूप द्यायचे ठरवले. नजर अर्थातच अमेरिकन गिऱ्हाइकावर होती. चालकाच्या पाठीमागचा उभा कल्ला काढला गेला. दोन आसनांमधला आडोसा गेला, सहप्रवाशासाठी दार आले, पूर्ण रुंदीची काच, घडीचा कापडी टप, बारीक बंपर आणि मागे सामानासाठी जाळी आली. म्हणजे ज्या मोटारीला आज आपण ‘मूळ’ म्हणतो, तीही वस्तुतः एक सुधारून वाढवलेली आवृत्तीच होती.

या सोळांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे ती चासी क्रमांक 713. ती अमेरिकेत पोहोचली तेव्हा तिचा रंग मलईसारखा पांढरा होता आणि आतले चामडे लाल. लॉस एंजेलिसमधील रेडिओ-दूरचित्रवाणीचे निवेदक बिल लेडन यांच्याकडून 1958 मध्ये ती स्टीव्ह मॅकक्वीन या तरुण नटाने सुमारे 5,000 डॉलरना विकत घेतली. मॅकक्वीन तेव्हा नुकता नावारूपाला येत होता. त्याने मोटार गडद हिरव्या रंगात रंगवून घेतली आणि आतल्या लाल चामड्याच्या जागी काळे चामडे आणवले. डॅशबोर्डमधल्या कप्प्याला दार नव्हते. आतल्या वस्तू वेगात बाहेर पडत. व्हॉन डच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवलिया कारागिराकडून त्याने त्या कप्प्याला दार बसवून घेतले. मोटारीला त्याने लाडाने ‘हिरवा उंदीर’ असे नाव दिले. डोंगरातल्या वळणांवर रात्री तो ती कशी पिटाळत असे आणि त्याला दंडाची पावती देणाऱ्या पहिल्या पोलिसाला कोणते बक्षीस लावले होते, याच्या दंतकथा अजून सांगितल्या जातात.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने ही मोटार नेवाडातील कसिनो-मालक बिल हॅरा यांच्या प्रचंड संग्रहाला विकली. मात्र तिच्यावाचून त्याला करमेना. काही वर्षांनी, पुष्कळ मनधरणी करून, त्याने ती परत मिळवली आणि 7 नोव्हेंबर 1980 रोजी मृत्यू येईपर्यंत जवळ ठेवली. 1984 मध्ये लास व्हेगास येथे त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा त्याच्या एका मित्राने जवळजवळ दीड लाख डॉलर मोजून ती घेतली. पुढे 2000 च्या सुमारास ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयाकडे गेली.

आमच्या कुतूहलाचा विषय आहे तो लिलावानंतरचा टप्पा. नव्या मालकाने मोटारीचा जीर्णोद्धार इंग्लंडमध्ये करवून घेतला. आता प्रश्न असा की, जीर्णोद्धार म्हणजे कोणत्या दिवसाकडे परत जाणे? कारखान्याशी प्रामाणिक राहायचे तर मोटार पांढरी हवी, आतून लाल हवी आणि कप्प्याला दार असता कामा नये. प्रत्यक्षात ती हिरवीच ठेवली गेली. काळे चामडे राहिले, व्हॉन डचचे दारही राहिले. म्हणजे निर्मात्याचा ‘पाठ’ बाजूला ठेवून एका मालकाचा पाठ प्रमाण मानला गेला.

मराठीच्या अध्यापकांना हा पेच अगदी ओळखीचा वाटेल. 1290 मधील ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांची शुद्धी केली. पुढे वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये, आपल्याला सापडलेली पोथी एकनाथपूर्व आहे असे सांगून, निराळी प्रत छापली. अभ्यासकांना राजवाड्यांच्या प्रतीचे मोल कळते. पारायणाला बसणारा मात्र नाथांच्या परंपरेतलीच पोथी उघडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना उलट दिशा धरली. गाठता येईल तितका जुना पाठ वर ठेवला. पण गाळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, कारण आपण काय ठेवले आणि काय काढले हे दोहोंतही सांगितले जाते.

मोटारीच्या जीर्णोद्धारात ही तळटीप बहुधा नसते. गंजलेला पत्रा कापला की तो भंगारात जातो आणि नवा पत्रा रंगाखाली जुना म्हणून मिरवतो. म्हणूनच मालकीपरंपरेच्या कागदांना महत्त्व येते: विक्रीच्या पावत्या, नोंदणीची पुस्तके, कारखान्यातील नोंदवह्या, जुनी छायाचित्रे. हे कागद म्हणजे मोटारीच्या तळटीपाच होत. क्रमांक 713 हिरवी का आहे, हे तिच्या अंगावर कोठेही लिहिलेले नाही. ते या परंपरेवरूनच कळते.

कथेचा उत्तरार्ध याहून विलक्षण आहे. मार्च 2016 मध्ये जॅग्वारने जाहीर केले की, आगीत गेलेल्या त्या नऊ मोटारी आपण नव्याने बांधणार. जुनी रेखाचित्रे काढली गेली, हयात असलेल्या एक्सकेएसएसची मापे अत्याधुनिक यंत्रांनी घेतली गेली, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे पत्रे हातांनी ठोकले गेले. किंमत दहा लाख पौंडांच्या वर होती. नव्या मोटारींना क्रमांकही 1957 च्या नोंदींतले दिले गेले. नमुन्यादाखल बांधलेली पहिली मोटार नोव्हेंबर 2016 मध्ये लॉस एंजेलिसला पीटरसन संग्रहालयातच दाखवण्यात आली, आणि ती हिरव्या रंगाची होती.

या रंगापाशी थबकायला हवे. मॅकक्वीनची जॅग्वार कारखान्यातून पांढरी निघाली आणि मालकाच्या हौसेने हिरवी झाली. साठ वर्षांनी कारखान्याने तीच जात पुन्हा घडवली, तेव्हा पहिली मोटार जन्मतःच हिरवी आली. रंग निवडताना कंपनीच्या मनात काय होते ते असो. पाहणाऱ्यांना मात्र त्या हिरव्यात मॅकक्वीनच दिसला असणार. वाचकाने समासात लिहिलेला शब्द पुढच्या नकलकाराने मूळ मजकुरात घ्यावा, तसेच हे झाले.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे. त्या नावात प्रेम असते, स्मरण असते. पण नातवालाच आजोबा समजण्याची चूक कोणी करत नाही. नव्या नऊ मोटारी कारागिरीत कदाचित जुन्यांहून सरस असतील. आगीत गेलेल्यांचे क्रमांक त्यांना मिळाले, आयुष्य मात्र मिळू शकत नाही. त्यांना अजून कोणी विकून पस्तावलेला नाही, कोणी मनधरणी करून परत आणलेले नाही. तेही होईल, पण त्याला काळ लागेल. तो कोणत्याही कारखान्यात घडवता येत नाही.