देह कुठं पडला, जीव कुठं गेला



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींची आज्ञा झाली की स्मरणिकेसाठी आम्हीही काही लिहावं. आमचं लिहिणं म्हणजे कीर्तनात बोलावं तसंच. गोड मानून घ्यावं.

२०२१ साली कोरोना जोरात होता. त्या सालातली गोष्ट. धारूरकडच्या एका माउलीनं आम्हाला विचारलं, "महाराज, मालक दवाखान्यातच गेले. मातीला घरचं कुणी नव्हतं. तोंडात पाणी नाही, खांदा नाही, टाळ नाही. सावडायला राखसुद्धा आमच्या हाती आली नाही. दहाव्याला कावळाही शिवला नाही. त्यांचा जीव कुठं अडकून तर पडला नसंल?"

आम्ही पोथीतलं उत्तर दिलं. माणूस जुनं वस्त्र टाकून नवं घेतो तसा आत्मा देह टाकतो, त्याला जाळता येत नाही, भिजवता येत नाही. माउलीनं मान हालवली, पण डोळ्याचं पाणी काही खळलं नाही. उत्तर खरं होतं, पण तिच्या दुःखापर्यंत पोचलं नाही. तेव्हापासून आम्ही संतांचं चरित्र या एका प्रश्नासाठी परत पाहिलं. त्यांचा देह कसा गेला, त्याचं पुढं काय झालं, हे तपासलं.

मरणाचा विचार आपल्या भागात जुना आहे. शेजारी अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा. जीव कोण, देह कोण, ब्रह्म कोण, हे मराठीत तिथं मांडलंय. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ ला, त्याच्यामागून शंभरावर वर्षांनी. म्हणजे 'मी देह नव्हे' ही ओळख या बालाघाटाच्या डोंगराला नवी नाही.

आता संतांचं बघा. ज्ञानोबा माउलींनी शके १२१८ ला, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत संजीवन समाधी घेतली. वय अवघं एकवीस. मुक्ताबाई पुढल्याच साली तापीच्या काठी विजेच्या लखलखाटात गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. एकनाथ महाराजांनी शके १५२१ ला फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात गोदामाईत देह ठेवला. तुकोबाराय शके १५७१ ला देहूहून सदेह वैकुंठाला गेले, अशी आपली श्रद्धा. नामदेवराय शके १२७२ ला पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी समाधिस्त झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ अंगावर पडावी, एवढंच मागणं.

एक भुयारात, एक विजेत, एक पाण्यात, एक पायरीखाली. सगळ्यांची वाट एक नाही. कुणाला अग्नी नाही, कुणाची राख नाही. मग यातल्या कुणाचा जीव अडकला असं कुणी म्हणतं का? विधी हा मागं राहिलेल्यांनी प्रेमानं करायचा निरोप आहे. तो जरूर करावा. पण जाणाऱ्याची गाडी त्यावाचून थांबत नाही.

तरी कुणी म्हणंल, ते थोर संत, आपण साधी माणसं. म्हणून चोखोबांचं सांगतो.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीमुळं त्यांना विठ्ठलाच्या राऊळात पाऊल टाकता आलं नाही. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, लेक कर्ममेळा, सगळं घर अभंग करणारं, पण दर्शन बाहेरूनच. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं आणि चोखोबा तिथं राबत होते. कूस कोसळलं. ढिगाऱ्याखाली बरेच मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा. तोंडात पाणी नाही, खांदा नाही, टाळ नाही. त्या माउलीनं सांगितलं अगदी तसंच.

पुढं नामदेवराय तिथं गेले. हाडं सगळी एकात एक मिसळलेली. परंपरा सांगते, नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं. त्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण आजही आधी चोखोबांना हात जोडतो, नामदेवांच्या पायरीला माथा टेकतो, मगच आत जातो.

आमच्या बुद्धीला यातून एवढं कळतं. नाव जन्मभर घेतलं तर ते हाडात मुरतं, आणि देह कुठंही पडला तरी ज्याचं त्याला ओळखू येतं. त्या माउलीच्या मालकांनी अनेक वाऱ्या केल्या होत्या. विठ्ठलाला त्यांची ओळख पटायला राख लागत नाही. हे आम्ही नंतर तिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं झालं, महाराज. मी उगीच कावळ्याची वाट बघत बसले."

पण मायबाप हो, गोष्ट इथं संपत नाही. चोखोबांची हाडं १३३८ ला महाद्वारी आली, पण त्यांच्या जातभाईंना आत जायला १९४७ उजाडलं. साने गुरुजी त्या साली १ मेला पंढरीत उपोषणाला बसले, दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा मार्ग मोकळा झाला. मधे गेली ६०९ वर्षं. विठ्ठलानं ज्याला मेल्यावर ओळखलं, त्याच्या लेकरांना आपण जिवंतपणी ओळखलं नाही.

आणि अजून बघा. कितीतरी गावांत मसनवटे वेगवेगळे आहेत. जाळ एकच, राख एकच, पण जागा दोन. दुसऱ्याला कशाला बोल लावायचा? आम्ही तरुण होतो तेव्हा वस्तीतला एक टाळकरी वारला. आयुष्यभर आमच्या मागं त्यानं टाळ धरला. आम्ही त्याच्या मातीला गेलो नाही. पाऊस होता, असं घरी सांगितलं. खरं कारण पाऊस नव्हतं. आज चोखोबांच्या समाधीसमोर उभं राहिलो की तो टाळ कानात वाजतो.

नाथांची गोष्ट तुम्हाला ठावी आहे. श्राद्धाच्या दिवशी वासानं भुकेजलेल्या अस्पृश्य घराला त्यांनी पितरांचं अन्न आधी वाढलं. पैठण रुसलं, पण पितर स्वतः जेवायला आले, असं सांगतात. मेलेल्याचं भलं करायची वाट जित्याच्या पोटातून जाते, ते असं.

म्हणून शंभर वर्षांच्या या टप्प्यावर आमची एकच विनवणी. गावात कुणाचीही मयत होवो, कुठल्याही गल्लीतली, कुठल्याही वस्तीतली, आपल्या दिंडीचा टाळ तिथं गेला पाहिजे. ऊसतोडीला परमुलखात गेलेलं माणूस तिकडंच वारलं, तर त्याच्या उंबऱ्यात बसून भजन झालं पाहिजे. जीव कुठं जातो ते पांडुरंग बघून घेईल. देहाला खांदा द्यायचं काम मात्र त्यानं आपल्यावर सोपवलंय.

चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.